शब्दवेध : हॅच

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या गणपतीचं सामान भाच्याच्या जुन्या गोल्फ जीटीआयमधूनच जातं. यंदाही त्यानं मागचं दार वर केलं, पाठीमागची सीट आडवी पाडली आणि पेटी, समया, मोदकांचे डबे, सगळं आत बसलं. "मावशी, हॅच आहे म्हणून जमतं," तो म्हणाला. शब्द मनात राहिला.

जुन्या इंग्रजीत हॅच म्हणजे दुभंगलेल्या दाराची खालची फळी, किंवा छोटं फाटक. मला वाड्याचा दिंडी दरवाजाच आठवला. पुढे जहाजाच्या डेकवरची झडपही हॅच झाली, आणि मग मोटारीच्या पाठीवरचं दार. अशा घरगुती गाडीत दमदार इंजिन बसवलं की ती ‘हॉट हॅच’. १९७६ साली विक्रीला आलेल्या फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयनं हा प्रकार लोकांच्या तोंडी रुळवला. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११० अश्वशक्ती. नावातला ‘आय’ इंजेक्शनचा, म्हणजे पेट्रोलचा मोजून फवारा सोडणाऱ्या यंत्रणेचा.

२०२३ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात फोक्सवॅगननं विजेवरच्या आयडी जीटीआयचा नमुना मांडला. विजेच्या मोटरला कसला आलाय फवारा! तरी अक्षर राहिलं, आणि मला ते राहिलेलं फार आवडलं. घोडे जाऊन शतक उलटलं, अश्वशक्ती अजून आहेच की.

भाचा आता विजेची गाडी बघतोय. मागचं दार किती उघडतं ते आधी बघ, असं मी त्याला बजावलंय. समया उंच आहेत.