आखाड्याचे यजमानपण

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या व्यायामशाळेत स्पर्धा भरली, म्हणजे तिचे वृत्त बहुधा चार ओळींत आटोपते. अमुक पहिला आला, तमुक दुसरा आला, पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसे वाटली गेली आणि आभारप्रदर्शन झाले. या चार ओळींत यजमानाला जागा मिळत नाही. ज्याने मैदान आखले, वजनाचा काटा आणविला, पंच बोलाविले आणि आपल्याच पोराविरुद्ध गेलेला निकाल मान खाली घालून ऐकला, त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. आज आम्ही तोच श्रोत्यांपुढे ठेवू इच्छितो. स्पर्धेत बळाची परीक्षा खेळाडूची होते, परंतु न्यायबुद्धीची परीक्षा होते ती यजमानाची, असे आमचे मत आहे.

आरंभ गावच्या दंगलीपासून करू. यात्रेच्या वा सणाच्या निमित्ताने दंगल भरे, तेव्हा तिला ना वजनगट होते, ना घड्याळ. माती उकरून भुसभुशीत करावी, तीत तेल, ताक, हळद घालावी, मारुतीपुढे नारळ फोडावा आणि डफावर थाप पडावी, एवढी सिद्धता पुरे. आधी लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागत. मग मोठे मल्ल हात उंचावून मैदानाला फेरी घालीत. जोड लावण्याचे काम गावच्या जाणत्यांचे. खांदा, मान आणि मांडी नजरेने जोखून ते ‘ही जोड बरोबरीची’ असे म्हणत, आणि तो शब्द अखेरचा असे. पाठ मातीला लागली की निकाल सर्वांना दिसे, वादाला जागा थोडी उरे. मात्र जोड लावणाऱ्याची नजर तेवढी निःपक्षपाती असावी लागे. घरच्या मल्लापुढे दमलेला पाहुणा उभा करणारे गाव एकदा बदनाम झाले, की पुढल्या वर्षी त्या वाटेला कोणी फिरकत नसे. यजमानाचा धर्म असा लिहिलेल्या नियमांवाचून, केवळ लौकिकाच्या धाकाने पाळला जात होता.

या धर्माची एक जुनी कथा मल्लविद्येच्या परंपरेत सांगतात. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडील अली आणि गुलाब हे दोन मल्ल आले आणि त्यांनी पुण्यातील पहिलवानांना आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने मुदत मागून घेतली, लाकडी खांबावर अभ्यास केला आणि अलीला चीत केले. मल्लखांबाचा उगम म्हणून ही कथा प्रसिद्ध आहे. आमचे लक्ष मात्र त्या मुदतीकडे जाते. पाहुण्याचे आव्हान टाळावयाचे नाही, त्याला अडवावयाचे नाही, तर आपली तयारी वाढवून त्याच्यापुढे उभे राहावयाचे, ही रीत त्या कथेने घालून दिली.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. १९०५ पर्यंत आपला जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. त्या वर्षी त्याला यवतमाळचे नाव मिळाले आणि पुसद तालुकाही त्यात आला. वऱ्हाडचे मोठे केंद्र मात्र अमरावतीच राहिले. आजही आपला जिल्हा अमरावती विभागातच मोडतो आणि ते शहर येथून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. तेथे १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. स्थापनेच्या वेळी तो एक आखाडाच होता. परंतु वैद्य बंधूंनी आखाड्यातील विद्या शाळेसारखी शिकविण्याचा चंग बांधला. उन्हाळ्याच्या सुटीत मंडळाचे वर्ग भरू लागले आणि प्रांतोप्रांतींचे तरुण तेथे येऊन राहू लागले. ज्या दिवसांत आपल्याकडे व्याख्यानमाला भरतात, त्याच दिवसांत शरीराची ही पाठशाळा भरत होती.

वस्तादाच्या मुखातून एकाच शिष्याला मिळणारी विद्या शंभर जणांना द्यावयाची, तर तिला क्रम, मोजणी आणि ठरावीक हुकूम लागतात. मंडळाने हे काम केले, म्हणूनच १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचा चमू तेथे जाऊन हुतुतू आणि इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवू शकला. आपली भाषा न जाणणाऱ्या प्रेक्षकांना डाव समजावयाचा, तर तो डोळ्यांना स्पष्ट दिसला पाहिजे. परक्याच्या नजरेला उतरण्याची ही सवय आखाड्याला लागली, यातच आजच्या स्पर्धेचे बीज आहे.

नियमांचे महत्त्व खाशाबा जाधवांच्या चरित्रावरूनही दिसते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत तयार झालेला. १९४८ साली लंडनला तो गादीवर लढला आणि सहावा आला. गादी निराळी, नियम निराळे. चार वर्षे त्याने ते आत्मसात केले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’चा मान सुरू झाला. जोड लावणाऱ्या जाणत्याच्या नजरेची जागा काट्याने आणि लेखी नियमाने घेतली.

शरीरसौष्ठवातही हेच घडले. बंगालचे मनोतोष राय १९५१ साली आणि मनोहर ऐच १९५२ साली ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्पर्धेत आपापल्या गटात विजयी झाले. ऐच यांची उंची पाच फूटही नव्हती! उंचीचे गट पाडलेले होते, म्हणून त्यांच्या घोटीव देहाला न्याय मिळाला. बरोबरीच्यांशी बरोबरी लावणे ही गावच्या जाणत्याचीच जुनी युक्ती, येथे फक्त फूटपट्टीने केलेली.

मग आज गावच्या व्यायामशाळेने स्पर्धा भरवावी ती कशी? आम्ही एकदा अशा एका स्पर्धेत दंड मोजावयास बसलो होतो. यजमान आखाड्याचा मुलगा गर्दीच्या आरोळ्यांवर वेगाने दंड काढीत होता. बाहेरगावच्या पंचाने त्यातले चार बाद केले, कारण छाती पुरती खाली गेली नव्हती. आमच्या नजरेलाही ते दिसले होते, परंतु आमची बोटे मोजीतच राहिली, हे येथे कबूल करावयास हवे. मुलगा दुसरा आला. लोक खवळले. तेव्हा वस्ताद उठले, पंचांना नारळ दिला आणि मुलाला म्हणाले, “उद्यापासून हळू काढ, पण पुरते काढ.” गर्दी निवली. त्या संध्याकाळी विजेत्याचे नाव काय होते ते आम्हांस आठवत नाही. वस्तादांचा तो शब्द मात्र विसरलो नाही.

यजमानपण आपल्या शहराला नवे नाही. १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखालचे साहित्य संमेलन येथे भरले आणि २०१९ साली पुन्हा हा मान मिळाला. त्या दुसऱ्या वेळी एका लेखिकेला दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि साऱ्या महाराष्ट्रात चर्चा झाली. पाहुण्याला बोलाविणे सोपे असते, बोलाविल्यावर त्याच्यामागे उभे राहणे अवघड असते. पंच हाही पाहुणाच होय.

म्हणून व्यायामशाळांच्या चालकांना आमची विनंती आहे. वैशाखाच्या उन्हात स्पर्धा घेऊ नका. ती पहाटे उरका, पाणी आणि डॉक्टर जवळ ठेवा. मुलींचा गट शेवटी उरलेल्या वेळात ढकलू नका. नियम आदल्या दिवशी फळ्यावर लिहा. आणि पंच बाहेरचा आणा. आपला मुलगा त्या दिवशी हरला तर हरू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आखाड्यात येईल आणि पुरते दंड काढील. तेवढे झाले, म्हणजे स्पर्धा भरविल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.