जीव कशाला म्हणावे?

शाळेत सजीव-निर्जीवांचा धडा आला की आपण मुलांकडून लक्षणे पाठ करून घेतो. सजीव हलतो, खातो, वाढतो, श्वास घेतो, त्याला पिल्ले होतात. धोंडा यातले काहीच करीत नाही, म्हणून तो निर्जीव. धडा संपला! पण समजा, महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या चौकस मुलाने उठून विचारले, "गुरुजी, मग आपल्या सावित्री नदीचे काय?" ती महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, पोलादपुरावरून धावत महाडास येते, आषाढात फुगते. २०२१च्या जुलैत तर ती महाडच्या घराघरांत शिरली. हलते आहे, वाढते आहे. मग ती सजीव का नाही? आणि कणगीतले भाताचे बियाणे? दिवाळीपासून मृगापर्यंत ते जागचे हलत नाही, वाढत नाही, खाताना दिसत नाही. त्याला निर्जीव म्हणायचे की काय?

मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नदी वाढते ती वरून पाणी येऊन मिळते म्हणून. पाऊस थांबला की ओसरते. सजीवाची वाढ निराळी. गाय गवत खाते आणि त्या गवताचे दूध करते, मांस करते, हाड करते. बाहेरचे घ्यायचे आणि त्याचे आपले करायचे, ही जिवाची पहिली खूण. दुसरी खूण दुरुस्तीची. धोंड्याचा टवका उडाला तर तो पुन्हा भरून येत नाही. आंब्याच्या खोडाला कोयता लागला तर साल हळूहळू भरून येते. तिसरी खूण म्हणजे आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करणे. बियाण्यात या तिन्ही गोष्टी झोपलेल्या असतात. ते श्वासही घेते, पण इतका मंद की आपल्याला कळत नाही. त्याचा जीव पाहायचा असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. जितक्यांना मोड येतील तितके जिवंत. ही परीक्षा आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे.

आता जीव येतो कोठून? पूर्वी जगभर लोकांची समजूत अशी की, चिखलातून बेडूक आणि सडक्या मांसातून किडे आपोआप निपजतात. इटलीतील फ्रान्चेस्को रेदी याने १६६८ साली मांसाची काही भांडी उघडी ठेवली, काहींवर तलम कापड बांधले. झाकलेल्या भांड्यातील मांसात किडे झाले नाहीत. माशीने अंडी घातल्याशिवाय किडा नाही, हे सिद्ध झाले. तरी शंका उरलीच. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव तरी आपोआप होत असतील! १८६०च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी तिचाही निकाल लावला. वाकड्या लांब नळीच्या चंबूत त्यांनी पोषक रस उकळून ठेवला. हवा आत जाई, पण धूळ नळीच्या वाकणात अडके. रस तसाच स्वच्छ राहिला. नळी मोडली, धूळ आत पडली, आणि थोड्याच दिवसांत रस गढूळ झाला. जीव जिवापासूनच येतो.

कोकणातल्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. आपण उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि कवळ पसरून राब भाजतो. त्या आगीत मातीतल्या तणाचे बी जळते आणि पावसात भाताचे रोप मोकळेपणी येते. जे बी जळाले ते उगवत नाही. पाश्चरच्या उकळण्यात आणि आपल्या राबात तत्त्व एकच.

पाश्चरनंतर जर्मनीचे रॉबर्ट कॉख १८८३ साली पटकीचा शोध घेत कलकत्त्यास आले. १८८४च्या आरंभी त्यांना पटकीचे जंतू तेथल्या एका तळ्याच्या पाण्यात सापडले. पाणी स्वतः निर्जीव. पण त्यात राहणारा, खाणारा, वाढणारा एक सूक्ष्म जीव माणसे मारीत होता. पाणी कशाने बाटते, या जुन्या प्रश्नाला शास्त्राचे उत्तर मिळाले. विष्ठा-घाणीतून आलेल्या जंतूंनी पाणी बिघडते, माणसाच्या जातीने बिघडत नाही.

हे उत्तर मिळून त्रेचाळीस वर्षे झाली, तेव्हा आपल्या महाडात काय घडले ते आठवा. चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, पक्षी पीत, परधर्मीयही पाणी भरीत. पण अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला ओंजळभर पाणी घेण्याची बंदी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला होता, महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केले होते. कागदावरचे ते खुलेपण तळ्यापर्यंत पोहोचले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेस आलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर या लोकांना मारहाण झाली. पुढे काही सनातन्यांनी पाणी 'शुद्ध' करण्यासाठी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतले. कॉखच्या शोधाच्या कसोटीने पाहा, म्हणजे पाणी कोणी बिघडवले हे ज्याचे त्याला कळेल. प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.

पाण्यावाचून एकही जीव जगत नाही. मेथीच्या दाण्याला मोड येतो तो पाण्याने, आणि माणसाचे रक्त वाहते तेही पाण्यानेच. तहान ही सर्व जिवांची सारखी खूण आहे. तिच्यात जात शोधणारा माणूस सजीव-निर्जीवांचा पहिला धडाच चुकला, असे म्हणावे लागेल.

तेव्हा गुरुजनहो, हा धडा शिकवताना मुलांना एकदा बाहेर न्या. एक धोंडा, मूठभर भात आणि ओढ्याचे तांब्याभर पाणी त्यांच्यापुढे ठेवा. यात जिवंत काय, ते कशावरून, आणि डोळ्यांना न दिसणारे काय असू शकेल, हे त्यांनाच विचारा. भात भिजत घाला, मोड मोजू द्या. पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच का प्यावे, हे त्यांना त्याच तांब्यावरून समजेल. आणि वर्गातल्या माठावर सर्वांचा हात सारखाच पोहोचतो ना, तेवढे मात्र तुम्ही स्वतः बघा.