कागद येईपर्यंत

आमच्या घरी लाकडी पेटीत एक जुना कागद जपून ठेवलेला आहे. माझ्या आजोबांचे ते दत्तकपत्र. चिकोडीकडच्या एका घरातून आजोबा आमच्या घरी दत्तक आले तेव्हा सात वर्षांचे होते. होम झाला, जन्मदात्या वडिलांनी मुलाचा हात दुसऱ्या वडिलांच्या हाती दिला, पंगत उठली आणि संध्याकाळपर्यंत मुलाचे आडनाव बदलले. देणारा समोर, घेणारा समोर, साक्षीला सारा गाव. वाट पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणूनच २००३ साली अमेरिकेतल्या माझ्या धाकट्या बहिणीने, ‘आम्ही चीनमधून मुलगी दत्तक घेतोय,’ असे फोनवर सांगितले, तेव्हा आईने ना जात विचारली ना रंग. तिने एवढेच विचारले, ‘‘घेणार तुम्ही. पण देणार कोण?’’

प्रश्न साधा नव्हता. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात देणे आणि घेणे हाच दत्तकविधीचा प्राण. मूल देण्याचा अधिकार आईबापांचाच, त्यामुळे ज्याला आईबापच नाहीत ते मूल दत्तक जाऊ शकत नसे. मुलगी तर नाहीच. वंश आणि पिंड यांसाठी दत्तक घ्यायचा तो मुलगा. मुलगी दत्तक घेण्याची वाट १९५६ च्या कायद्याने मोकळी केली. आईचे लग्न त्यानंतरचे, पण मनातला कायदा सासऱ्यांच्या वेळचा.

चीनमधली हकीकत वेगळी होती. १९८० च्या सुमारास तेथील सरकारने ‘एक कुटुंब, एक मूल’ हे धोरण आणले. शेतीवर जगणाऱ्या घराला म्हातारपणी आधार मुलाचाच. मुभेपेक्षा जास्त मूल झाले की दंडाची, नोकरी जाण्याची भीती. मग पहाटे अंधारात बाजाराच्या तोंडाशी, पुलावर, दवाखान्याच्या पायरीवर मूल ठेवून कुणीतरी निघून जाई. मूल टाकणे गुन्हा असल्याने मागे नाव नाही, पत्ता नाही. अनाथालये मुलींनी भरली. १९९१ साली दत्तकाचा कायदा झाला, तो १ एप्रिल १९९२ पासून अमलात आला आणि परदेशी दांपत्यांना दार उघडले.

आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्याकडूनही मुले परदेशी जातच होती. परक्यांनी दत्तक घ्यावे असा कायदा नव्हता, म्हणून १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली त्यांना पाल्य म्हणून नेत आणि खरे दत्तकविधान परदेशातल्या कोर्टात होई. त्यातले गैरप्रकार पाहून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात न्या. भगवती यांच्या निकालाने नियम घालून दिले.

बहिणीचे कागद जमायला आणि पुढे सरकायला दीड वर्ष गेले. बोटांचे ठसे, उत्पन्नाचे दाखले, घराची तपासणी; सारे बीजिंगला गेले. मग एक दिवस टपालाने मुलीचा फोटो आला. २००४ च्या एप्रिलमध्ये दोघे जिआंगशी प्रांताच्या राजधानीत, नानचांगला पोचले आणि दहा महिन्यांची मुलगी त्यांच्या हाती आली. देणारी होती अनाथालयाची एक दाई. मूल दिले, सही घेतली आणि डोळे पुसत ती निघून गेली.

तिथली नोंदणी झाली, तरी घरी जाता येत नव्हते. मुलीचा चिनी पासपोर्ट निघायला काही दिवस लागत, आणि अमेरिकेचा व्हिसा मिळे तो फक्त ग्वांगझौच्या वकिलातीत. म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतल्या कँटनमध्ये. त्यात मे दिनाची आठवडाभराची सुट्टी आडवी आली. मेहुण्यांची रजा संपली होती. बहिणीचा फोन आला, ‘‘दादा, तुझी शाळा बंद आहे ना? येशील?’’

जन्मात एकदाच परदेशी गेलो, तो असा. भाचीला आणायला मामाने जावे ही आपली रीतच आहे. आईने निघताना अंगडे, टोपडे आणि चांदीच्या बिंदल्या दिल्या. प्रश्न मागे घेतला नाही, पण बिंदल्या दिल्या.

हाँगकाँगहून आगगाडीने ग्वांगझौला उतरलो. दत्तक घेणारी बहुतेक अमेरिकन कुटुंबे शामियान नावाच्या चिमुकल्या बेटावरच्या ‘व्हाइट स्वान’ हॉटेलात उतरत. वकिलात बेटावरच होती आणि मुलांची वैद्यकीय तपासणीही तिथेच होई.

शामियान म्हणजे वाळूचा पृष्ठभाग. मोती नदीतल्या या वाळवंटावर अफूच्या दुसऱ्या युद्धानंतर, १८६१ मध्ये, इंग्रज आणि फ्रेंचांनी आपली वसाहत उभारली. त्याआधी जवळच्याच काठावर परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. माळव्यातली अफू मुंबईहून आणि दमणहून जहाजांत भरून याच नदीच्या मुखाशी येई. व्यापाऱ्यांना हंगामापुरते राहू देत, पण बायकामुलांना सक्त मनाई. त्यांच्या बायका मकावला वाट पाहत बसत. त्या मकावचा कारभार १८४४ पर्यंत आपल्या गोव्यातून चाले. ज्या काठावर गोऱ्या बाईला पाऊल ठेवू देत नव्हते, तिथेच दीड-दोनशे वर्षांनी परदेशी बायका चिनी मुलींना कडेवर घेऊन फिरत होत्या.

हॉटेल १९८३ साली उघडलेले. दिवाणखान्यात एक उंच कृत्रिम धबधबा आहे, त्याचे नाव ‘गावाकडचे पाणी’. परदेशी गेलेल्या चिनी माणसाला परतल्यावर घर आठवावे म्हणून दिलेले नाव. मी तिथे बसलो की समोरून घर सोडून निघालेल्या मुलींच्या गाड्या जात. लाल कोचावर सगळ्या बाळांना ओळीने बसवून फोटो काढायची तिथे प्रथा होती. एक रडले की दहा रडत. बेटावरचे दुकानदार मुलांच्या ढकलगाड्या फुकट वापरायला देत आणि गिऱ्हाईक बांधून ठेवत.

आमची भाची मात्र रडत नव्हती. तीच काळजी होती. बहीण घेई तेव्हा ती अंग ताठ करी आणि दाराकडे पाही. दाई येईल म्हणून ती वाट पाहत होती. तांदळाची पातळ पेज, अगदी आपल्याकडच्यासारखी, ती माझ्या हातून खाई. आईच्या हातून नाही. बहीण रात्री न्हाणीघरात जाऊन रडे. ‘‘दादा, कागदावर मी आई आहे. हिला कोण सांगणार?’’

मी काय सांगणार? आम्ही सीमाभागातली माणसे. त्याच वर्षी महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला होता. कागदाची वाट पाहणे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण ही वाट कागदाची नव्हती.

पाचव्या रात्री बहीण औषध आणायला खाली गेली. पाच मिनिटे झाली. भाचीने माझ्या खांद्यावरून मान वळवली, दाराकडे पाहिले आणि भोकाड पसरले. मी पेज दाखवली, बिंदल्या वाजवल्या, व्यर्थ. बहीण आली तशी तिने दोन्ही हात पुढे केले आणि तिच्या गळ्यात तोंड खुपसून हुंदके देत झोपली. व्हिसा तेव्हा यायचा होता. आमच्या घरचे दत्तकविधान त्या रात्री झाले असे मी मानतो.

सुट्टी संपली. वकिलातीत आईबापांनी हात वर करून कागद खरे असल्याची शपथ घेतली. मी बाहेर वडाखाली उभा होतो. हाती एक बंद लखोटा मिळाला. तो कुणी फोडायचा नाही, अमेरिकेच्या विमानतळावरच द्यायचा. तिथे उतरताक्षणी मूल त्या देशाचे नागरिक होई. इतके दिवस थांबलो ते त्या लखोट्यासाठी. पण आज वाटते, ते दिवस मिळाले हे बरेच झाले.

पुढचा इतिहास सुखाचा नाही. २००५ साली एकट्या अमेरिकेत चीनमधून सुमारे ७,९०० मुले गेली, तो कळस. त्याच वर्षाच्या अखेरीस हुनान प्रांतात अनाथालयांना मुले विकणारी टोळी पकडली गेली. म्हणजे काही मुलांना ‘टाकलेली’ ही नोंदच खोटी होती. पुढे नियम कडक झाले, वाट पाहणे वर्षावर्षांवर गेले. २०१९ मध्ये संख्या आठशेच्या आसपास आली. २०२० मध्ये करोनाने दारे बंद झाली. फोटो आलेला, खोली सजवलेली, अशी शेकडो घरे मुलांची वाट पाहत राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने नातलगांतले दत्तक वगळता परदेशी दत्तकच बंद केल्याचे जाहीर केले. १९९२ पासून दीड लाखाहून अधिक मुले जगभर गेली होती. आम्ही मूल मांडीवर घेऊन वाट पाहिली. त्या घरांची मांडी रिकामीच राहिली.

त्या दिवाळीला भाची बेळगावला आली. एकवीस वर्षांची. अनाथालयाच्या नोंदीची प्रत तिने आजीला दाखवली. मीच वाचून सांगितले: बाजाराच्या फाटकापाशी सापडली, दोन दिवसांची, रजईत गुंडाळलेली, शेजारी दुधाची भरलेली बाटली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘दूध कोमट होतं का, ते लिहिलंय?’’

‘‘नाही, आजी.’’

‘‘भरलेली बाटली ठेवणारी बाई लगेच जात नाही. उभी असेल कुठेतरी आडोशाला. कुणी उचलेपर्यंत.’’

भाचीने ती प्रत परत नेली नाही. आजोबांच्या दत्तकपत्राशेजारी पेटीत ठेवायला सांगितली. आजोबांच्या कागदावर देणाऱ्याची सही आहे. भाचीच्या कागदावर ती जागा अजून कोरी आहे.