संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा नव्हे! ख्रिस्ती धर्मातलं ‘पाचारण’ नेमकं काय असतं आणि त्याची किंमत काय मोजावी लागते?

23 मार्च 1980. रविवारची सकाळ. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या चिमुकल्या देशात घराघरांत रेडिओ सुरू होते. रेडिओवर फुटबॉलची मॅच नव्हती, प्रवचन होतं. राजधानी सान साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो बोलत होते. दर रविवारी ते आधी बायबलमधल्या उताऱ्यांवर बोलायचे आणि मग त्या आठवड्यात देशात कोण मारलं गेलं, कोणाला उचलून नेलं, कोण बेपत्ता आहे, हे नावानिशी वाचून दाखवायचे. वर्तमानपत्रांत जे छापून येत नव्हतं, ते लोकांना या प्रवचनातून कळायचं.

त्या दिवशी शेवटी ते थेट सैनिकांशी बोलले. तुम्ही ज्यांना मारताय ते शेतकरी तुमचेच भाऊ आहेत, देवाच्या आज्ञेविरुद्ध असलेला हुकूम पाळायला कोणीही बांधील नाही, ही दडपशाही थांबवा, असं त्यांनी देवाचं नाव घेऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅन्सर रुग्णांच्या एका हॉस्पिटलच्या चॅपेलमध्ये ते मिस्सा करत असताना दारातून एक गोळी आली. वेदीजवळच ते कोसळले.

आज जगभरातले ख्रिस्ती लोक रोमेरो यांचा उल्लेख ‘संदेष्टा’ असा करतात. आता गंमत बघा. या माणसाने कधी कोणाचं भविष्य सांगितलं नाही, चमत्काराचा दावा केला नाही. मग संदेष्टा कसा?

आधी शब्दाचा गोंधळ सोडवू

‘प्रॉफेट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भविष्य सांगणारा माणूस येतो. रील्सवर तर असे ‘प्रॉफेट’ ढिगाने सापडतात. कोणाचं लग्न कधी होणार, व्हिसा कधी मिळणार, निवडणूक कोण जिंकणार, सगळं सांगतात. 2020 च्या अमेरिकन निवडणुकीत अशा अनेकांनी देवाच्या नावाने डोनाल्ड ट्रम्प यांचा विजय जाहीर करून टाकला होता. निकाल उलटा लागल्यावर त्यातल्या काहींनी जाहीर माफी मागितली.

बायबलमध्ये मात्र या शब्दाचा मुख्य अर्थ वेगळा आहे. हिब्रू भाषेतला शब्द आहे ‘नावी’. अरबीतला ‘नबी’ त्याचाच भाऊबंद. ग्रीकमधला ‘प्रोफेतेस’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. मराठी बायबलने यासाठी ‘संदेष्टा’ हा शब्द वापरलाय आणि तो अगदी नेमका आहे. संदेष्टा म्हणजे निरोप पोचवणारा. आपल्याला माहीत असलेला ‘पैगंबर’ हा फारसी शब्दही तसाच, पैगाम आणणारा तो पैगंबर.

म्हणजे संदेष्ट्याचं मुख्य काम उद्या काय होईल ते सांगणं नाही, आज काय चुकतंय ते सांगणं आहे. भविष्याचा उल्लेख येतो तो इशारा म्हणून. असंच वागत राहिलात तर हे होईल, बदललात तर टळेल. बायबलमधल्या योनाच्या गोष्टीत तर निनवे शहर खरंच सुधारतं आणि सांगितलेलं संकट टळतं. यावर खुद्द योनाच चिडतो, हा भाग वेगळा.

आणि ‘पाचारण’ म्हणजे बोलावणं. ख्रिस्ती समजुतीनुसार हे काम माणूस स्वतःहून निवडत नाही, देव त्याला त्यासाठी बोलावतो.

बोलावणं आलं की पहिली प्रतिक्रिया: नको!

बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या गोष्टी सलग वाचल्या तर एक गोष्ट पटकन लक्षात येते. यातला क्वचितच कोणी आनंदाने तयार होतो. मोशे एकामागून एक सबबी सांगतो, त्यातली एक म्हणजे मला नीट बोलता येत नाही. यशया म्हणतो माझं तोंडच अशुद्ध आहे. योना तर सरळ बंदरावर जाऊन उलट्या दिशेचं जहाज पकडतो.

आमोसचं प्रकरण आणखी भारी आहे. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला हा माणूस दक्षिणेकडच्या तकोवा गावचा मेंढपाळ, सोबत उंबराच्या जातीच्या झाडांची मशागत करणारा. तो उत्तरेकडच्या इस्राएलच्या राज्यात जाऊन तिथल्या श्रीमंतांना सुनावतो की तुम्ही तराजूत खोट करता आणि जोडाभर चपलांच्या किमतीला गरिबाला विकता. बेथेलच्या राजमंदिराचा पुजारी अमस्या त्याला काय सांगतो? तू तुझ्या गावाला जा आणि तिकडेच पोट भर. आमोसचं उत्तर असं की मी धंदेवाईक संदेष्टा नाहीच, मी मेंढरांमागे होतो, मला तिथून उचलून पाठवलंय.

हा फरक महत्त्वाचा आहे. त्या काळी राजदरबारी पगारी संदेष्टेही असायचे. राजाला आवडेल ते बोलणं हे त्यांचं काम. आमोस त्यांच्यात मोडत नव्हता, म्हणूनच अमस्याला तो नको होता.

यिर्मया: 40 वर्षं बोलला, कोणी ऐकलं नाही

संदेष्ट्याचं धैर्य म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर यिर्मयाकडेच जावं लागतं. जेरुसलेमजवळच्या अनाथोथ गावातल्या याजकाच्या घरातला हा मुलगा. इसवी सनापूर्वी 627 च्या सुमारास त्याला बोलावणं आलं, तेव्हा त्याने मी अजून लहान आहे, मला बोलता येत नाही, असं सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

त्याला सांगायचं होतं ते कोणालाच ऐकायचं नव्हतं. यहूदाच्या राज्यात अन्याय माजलाय, मंदिर आपल्याकडे आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत हा भ्रम आहे, बाबेलचं सैन्य येणार आहे, असा त्याचा निरोप होता. हे त्याने मंदिराच्या दारातच उभं राहून सांगितलं. त्याला मारून टाका अशी मागणी झाली, तो थोडक्यात वाचला. त्याच सुमारास उरीया नावाचा दुसरा एक संदेष्टा हेच बोलत होता. तो इजिप्तला पळाला. राजा यहोयाकीमने माणसं पाठवून त्याला परत आणवलं आणि ठार केलं. उरीयाचं नाव फार कोणाला आठवत नाही, पण धोका किती खरा होता ते या चार ओळींच्या उल्लेखावरून कळतं.

पुढे यिर्मयाने आपला संदेश बारूख या लेखनिकाकडून गुंडाळीवर लिहून घेतला. हिवाळा होता, राजासमोर शेगडी पेटलेली होती. गुंडाळी वाचली जात असताना राजा चाकूने तुकडे कापून एकेक शेगडीत टाकत गेला. यिर्मयाने काय केलं? पुन्हा सगळं लिहून घेतलं आणि वर थोडी भरही घातली.

त्याला खोड्यात अडकवलं, कोठडीत डांबलं, शेवटी चिखलाने भरलेल्या हौदात सोडून दिलं. तिथून त्याला वाचवणारा कोण, तर राजवाड्यातला एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे आफ्रिकन सेवक. दोराने वर ओढताना काखेत काचू नये म्हणून त्याने आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात हा तपशील कोणीतरी जपून ठेवलाय, मला तो फार आवडतो.

पण यिर्मयाला पुतळ्यासारखा कणखर समजू नका. तो देवाशी भांडतो, मला फसवलंस म्हणतो, जन्मलोच का असा त्रागा करतो. गप्प बसायचं ठरवतो आणि ते जमत नाही, आत आग कोंडल्यासारखं होतं असं सांगतो. त्याने लग्न केलं नाही, तसा त्याला आदेशच होता. भीती गेली आणि मग तो बोलला, असं कुठेच दिसत नाही. भीतीसकट तो बोलत राहिला.

आणि अखेर तेच झालं. इसवी सनापूर्वी 586 च्या सुमारास जेरुसलेम पडलं, मंदिर जळालं. त्याआधी शहराला वेढा पडलेला असताना या विनाशाची बातमी देणाऱ्या माणसाने अनाथोथमधलं एक शेत 17 शेकेल चांदीला रीतसर विकत घेतलं होतं, साक्षीदारांसमोर खरेदीखत करून. एक दिवस इथे पुन्हा घरं-शेतं घेतली जातील, हे त्याला त्यातून सांगायचं होतं.

मग खरा कोण आणि खोटा कोण?

हा प्रश्न यिर्मयाच्या काळातही होताच. तो मानेवर लाकडी जू घेऊन फिरायचा, बाबेलची गुलामी येणार हे दाखवायला. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने सगळ्यांसमोर ते जू मोडलं आणि दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं जाहीर केलं. लोकांना अर्थातच हनन्या आवडला. यिर्मया म्हणाला, तुझं खरं होवो. आणि निघून गेला. त्या क्षणी बघणाऱ्याला दोघांतला खरा कोण हे कळायला काही मार्ग नव्हता.

बायबल काही कसोट्या देतं. सांगितलेलं घडतं का, तो माणूस दुसऱ्या देवाकडे नेतो का, त्याच्या जगण्यातून काय दिसतं. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तर संदेष्टे बोलले की इतरांनी ते पारखून घ्यावं अशी सूचना आहे. म्हणजे ‘देवाने मला सांगितलंय, आता प्रश्न विचारू नका’ हा सूर मूळ ग्रंथालाच मान्य नाही. संदेशाचा फायदा कोणाला होतोय, सांगणाऱ्याला की ज्यांच्यावर अन्याय होतोय त्यांना, हे बघितलं तरी बरंच काही उलगडतं, असं माझं मत.

पंथांमध्येही यावर मतभेद आहेत. काही प्रोटेस्टंट गट मानतात की संदेशाचं हे दान प्रेषितांच्या काळाबरोबर संपलं. पेंटेकोस्टल मंडळ्या मानतात की ते आजही मिळतं. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 साली, असं मांडलं की ख्रिस्ताच्या संदेष्टेपणात सगळ्याच बाप्तिस्मा घेतलेल्यांचा वाटा आहे.

पुन्हा रोमेरोंकडे

फेब्रुवारी 1977 मध्ये रोमेरो आर्चबिशप झाले तेव्हा ते 59 वर्षांचे होते. पुस्तकांत रमणारा, जुन्या वळणाचा, वाद टाळणारा माणूस अशी त्यांची ओळख. सरकार आणि जमीनदार खूश झाले, गरिबांमध्ये काम करणारे पाद्री नाराज.

तीन आठवड्यांत चित्र पालटलं. 12 मार्चला त्यांचे मित्र फादर रुटिलिओ ग्रांदे यांची रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली. ग्रांदे अगिलारेस भागात ऊसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांमध्ये काम करत होते. गाडीत सोबत असलेले एक वृद्ध आणि एक किशोरवयीन मुलगाही मारले गेले. रोमेरो त्या रात्री तिथे गेले, तीन मृतदेह बघितले, शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकलं. पुढच्याच रविवारी त्यांनी आर्चडायोसीसमधल्या सगळ्या चर्चमधल्या मिस्सा रद्द करून कॅथीड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. व्हॅटिकनच्या राजदूताला हे आवडलं नाही. हत्येचा तपास होत नाही तोवर सरकारी समारंभांना जाणार नाही, असंही त्यांनी ठरवलं.

त्यानंतरची तीन वर्षं बाहेरून धमक्या आणि आतून एकटेपण अशी गेली. देशातल्या बहुतेक बिशपांनी त्यांची साथ दिली नाही, रोमकडे तक्रारीही गेल्या. चर्चच्या रेडिओ स्टेशनवर बॉम्ब टाकले गेले. फेब्रुवारी 1980 मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना पत्र लिहून साल्वाडोरच्या लष्कराची मदत थांबवा अशी विनंती केली. त्याच महिन्यातल्या खासगी टिपणांत त्यांनी हिंसक मृत्यूची भीती वाटते, असं लिहून ठेवलंय. यिर्मयासारखंच.

हाच अनुभव मार्टिन ल्यूथर किंग यांनीही सांगितलाय. जानेवारी 1956, माँटगोमेरीचा बस बहिष्कार सुरू होता, किंग नुकतेच 27 वर्षांचे झाले होते. मध्यरात्री धमकीचा फोन आला. झोप येईना म्हणून त्यांनी कॉफी केली आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, भित्रा न दिसता यातून बाहेर कसं पडता येईल याचा विचार करत राहिले. तिथेच प्रार्थना करताना न्यायासाठी उभा राहा असं आतून ऐकू आलं, असं ते सांगायचे. काही दिवसांतच त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. पत्नी आणि तान्ही मुलगी घरात होत्या, दोघी वाचल्या.

आपल्याकडे?

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. ‘सुबोध बायबल’ आणि ‘सुवार्ता’ मासिकामुळे मराठी वाचकाला ते ठाऊक आहेत. हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून बेसुमार बांधकाम, पाण्याचा उपसा आणि दहशत यांच्या विरोधात ते रस्त्यावर उतरले. पाद्र्याने चर्चमध्ये बसावं, हे त्यांनाही ऐकावं लागलं. अमस्याचाच सल्ला, वसईत! मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाल्यावर काही संघटनांनी धर्मावरून विरोध केला. जानेवारी 2020 मध्ये ते आजारपणातही उस्मानाबादला गेले आणि वाढत्या असहिष्णुतेवर बोललेच. त्यांनी स्वतःला संदेष्टा म्हणवून घेतलं नाही. 25 जुलै 2024 रोजी त्यांचं निधन झालं.

रोमेरोंच्या मारेकऱ्यांचं काय झालं?

30 मार्च 1980 ला त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीही कॅथीड्रलसमोर स्फोट आणि गोळीबार झाला, चेंगराचेंगरीत माणसं मेली. देशात पुढे 1992 पर्यंत यादवी युद्ध चाललं, सुमारे 75 हजार लोकांचा जीव गेला. 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने हत्येचा आदेश माजी लष्करी अधिकारी रोबेर्तो दाउबुइसोन यांनी दिल्याचा निष्कर्ष काढला. तोवर त्यांचा मृत्यू झाला होता. अहवाल आला आणि काही दिवसांतच देशात सरसकट माफीचा कायदा झाला. तो 2016 मध्ये रद्द ठरला. पोप फ्रान्सिस यांनी 14 ऑक्टोबर 2018 ला रोमेरोंना संत घोषित केलं. 2022 मध्ये ग्रांदे आणि त्यांच्यासोबत मेलेले ते वृद्ध आणि तो मुलगा, तिघांनाही ‘धन्य’ हा दर्जा मिळाला. रोमेरोंच्या हत्येबद्दल मात्र कुठल्याही फौजदारी न्यायालयाने आजवर कोणाला शिक्षा सुनावलेली नाही.