एकाच चिपच्या दोन किमती

‘गेमिंगसाठी हवंय की कामासाठी?’ लॅमिंग्टन रोडवर बेताचे पैसे खिशात घेऊन ग्राफिक्स कार्ड विचारायला गेलेल्याला हा प्रश्न हमखास ऐकू येतो. खेळाची कार्डं एका खणात, कामाची दुसऱ्या खणात. ही विभागणी निसर्गनियमासारखी मान्य केली जाते. प्रत्यक्षात ती पंचवीसेक वर्षांपूर्वी घडवलेली आहे, आणि ती घडवण्यात तंत्रज्ञानाइतकाच वाटा किंमतपत्रिकेचाही आहे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. त्रिमित काम म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्सची वर्कस्टेशन्स. १९९३ सालच्या ‘ज्युरासिक पार्क’मधले संगणकावर बनवलेले डायनासोर त्यांच्यावरच घडले. साधं यंत्रसुद्धा हजारो डॉलरचं, थोरली यंत्रं लाखाच्या पुढे. मॉडेलिंग शिकायचं तर आधी असं यंत्र बाळगणाऱ्या स्टुडिओत किंवा संस्थेत प्रवेश मिळवायला हवा. गुणवत्तेचा प्रश्न त्यानंतरचा.

ही भिंत पाडली ती खेळांनी. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये काम केलेल्या तिघांनी १९९४मध्ये थ्रीडीएफएक्स ही कंपनी काढली. १९९६मध्ये मेमरीचे भाव कोसळले आणि त्यांचं ४ एमबीचं व्हूडू कार्ड घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आलं. कार्ड मोठं गमतीचं होतं. त्याला फक्त त्रिमितच जमे. रोजच्या द्विमित चित्रासाठी जुनं कार्ड मशीनमध्ये ठेवावंच लागे, आणि दोन्ही कार्डं बाहेरून एका वायरीने जोडावी लागत. पण पुढच्या वर्षी ‘क्वेक’ची ओपनजीएल आवृत्ती या कार्डावर पळाली आणि गोष्ट पालटली. ओपनजीएल ही मुळात सिलिकॉन ग्राफिक्सचीच भाषा. वर्कस्टेशनची भाषा आता पोरांच्या खोलीत बोलली जाऊ लागली होती.

यात आश्चर्य काही नाही. खेळातला राक्षस काय आणि मॉडेलरच्या पडद्यावरची खुर्ची काय, दोन्ही शेवटी त्रिकोणांचीच बनलेली असतात. ते त्रिकोण फिरवणं, उजळणं, पडद्यावर रंगवणं, हे गणित एकच.

गणित एक असेल तर महाग कार्ड विकायचं कसं? १९९९मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं आणि त्याच चिपच्या घराण्यातून क्वाड्रो ही व्यावसायिक मालिकाही काढली. क्वाड्रोची किंमत कित्येक पट. काही हौशी मंडळींनी सुरुवातीच्या जीफोर्स कार्डांवरचे रोधक इकडचे तिकडे बसवले, आणि ड्रायव्हर त्या कार्डांना क्वाड्रो समजू लागला. पुढे हेच काम सॉफ्टवेअरनेही होऊ लागलं. नंतरच्या पिढ्यांत कंपनीने या वाटा बुजवल्या, पण गुपित फुटायचं ते फुटलंच.

क्वाड्रो म्हणजे निव्वळ फसवणूक होती, असं मात्र म्हणता येत नाही. कॅड सॉफ्टवेअरसाठी तपासून प्रमाणित केलेले ड्रायव्हर, तारांच्या सांगाड्यासारखं मॉडेल झपाट्याने रेखाटण्याची सोय, काही कार्डांवर चूक दुरुस्त करणारी मेमरी, हे सगळं खरं आहे. विमानाचा भाग आखणाऱ्या कारखान्याला ते मोलाचं वाटतं. घरी बसून शिकणाऱ्याला त्याची गरज क्वचितच पडते.

शिकणाऱ्याच्या बाजूने दोन घटना घडल्या. २००२मध्ये ब्लेंडर बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड मोकळा करून घेतला. सॉफ्टवेअरचा खर्च शून्यावर आला. दुसरी घटना कुडाची. ग्राफिक्स चिपकडून वाटेल ते गणित करवून घेण्याची ही सोय एनव्हिडियाने २००७मध्ये दिली, आणि ती स्वस्त जीफोर्सवरही दिली. २०११च्या अखेरीस ब्लेंडरमध्ये सायकल्स हे रेंडर इंजिन आलं आणि खेळाचं कार्ड रात्रभर चित्रं शिजवू लागलं. २०१२मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचं चक्र फिरवणारं अ‍ॅलेक्सनेटसुद्धा ३ जीबीच्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवरच शिकलं. एकाच्या मेमरीत ते मावत नव्हतं, म्हणून दोन.

बेताच्या पैशांत कार्ड घेणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. मेमरी कमी पडली तर खेळात पोताची प्रत उतरवता येते. रेंडरमध्ये मात्र दृश्यातली सगळी भूमिती आणि सगळे पोत कार्डावर मावावे लागतात. ते मावले नाहीत तर काम रखडतं किंवा बंदच पडतं. आणि नेमका इथेच नावांचा खेळ चालतो. २०१६मध्ये जीटीएक्स १०६० या एकाच नावाने ६ जीबीचं आणि ३ जीबीचं अशी दोन कार्डं विकली गेली. धाकट्यात मेमरी अर्धी होतीच, शिवाय गणित करणारे घटकही १२८०ऐवजी ११५२ होते. आरटीएक्स ३०६०चं तेच झालं. २०२१चं मूळ कार्ड १२ जीबीचं, म्हणजे त्याच्याहून महाग ३०६० टीआयच्या ८ जीबीपेक्षा जास्त. रेंडर करणाऱ्यांसाठी ते वरदानच होतं. पुढे त्याच नावाने ८ जीबीचं कार्डही बाजारात आलं.

मेमरीइतकंच सॉफ्टवेअरचं पाठबळही महत्त्वाचं. २०२१च्या अखेरीस ब्लेंडर ३.०मधल्या सायकल्सने ओपनसीएल सोडलं. त्याची जागा घेणाऱ्या एएमडीच्या नव्या व्यवस्थेत आरएक्स ५८०सारखी जुनी कार्डं बसली नाहीत. खेळांत ठणठणीत असलेलं कार्ड एका आवृत्तीत रेंडरच्या कामातून बाद झालं. शिवाय त्या काळात क्रिप्टो खणणाऱ्यांनी भाव असे चढवले होते की नवं कार्ड घेणं विद्यार्थ्याला झेपणारं नव्हतं.

त्यामुळे दुकानदाराच्या प्रश्नाला ‘दोन्हीसाठी’ असं उत्तर बिनदिक्कत द्यावं. मग आपण तीन गोष्टी विचाराव्यात. मेमरी किती? आपलं सॉफ्टवेअर आज या कार्डावर रेंडर करतं का? घरचा पॉवर सप्लाय त्याला पुरेल का? खोक्यावरचं नाव त्यानंतर वाचलं तरी चालेल.