जखम झाडाची, मलमपट्टी माणसाची

मुरबाडकडून माळशेजच्या वाटेला लागले किंवा शहापूरहून माहुलीच्या पायथ्याशी गेले, की पानझडीच्या जंगलात ऐन उन्हाळ्यात एखादे पांढरेफटक, निष्पर्ण झाड उभे दिसते. चांदण्यात अवचित समोर आले तर छाती धडधडावी असे. म्हणून त्याला कुणी ‘भुत्या’ म्हणतात. त्याचे नाव कांडोळ.

या झाडाला जखम झाली की ती बुजवायला ते डिंक सोडते. डिंक म्हटले की आपल्याला बाळंतिणीचे लाडू आठवतात. पण कांडोळाचा डिंक बाभळीच्या डिंकासारखा पाण्यात विरघळून जात नाही. तो पाणी पीत राहतो, कित्येक पटींनी फुगतो आणि थलथलीत होतो.

असे का होते? डिंक म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब माळ. शास्त्रज्ञ तिला बहुशर्करा म्हणतात. कापसातले सेल्युलोज, भाताच्या पेजेतला स्टार्च, गुळवेलीचे पांढरे सत्त्व, सारे याच कुळातले. कांडोळाच्या माळेला ठिकठिकाणी ॲसिटिल नावाचे गट लोंबत असतात. ते आहेत तोवर डिंक फुगतो. अल्कलीने ते काढले की तोच डिंक विरघळू लागतो. माळ तीच, पण लोलक बदलले की गुण बदलतो. या विद्येचे सारे मर्म एवढ्यातच आहे.

व्यापारात या डिंकाला ‘कराया’ म्हणतात. इराणकडच्या महागड्या ट्रॅगाकांथ डिंकाला स्वस्त पर्याय म्हणून तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परदेशी जाऊ लागला आणि कवळी घट्ट बसवण्याच्या भुकटीत शिरला. 1952च्या सुमारास अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यविशारद रुपर्ट टर्नबुल यांनी त्याचा निराळाच उपयोग ओळखला. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना पोटावरच्या छिद्रातून मलविसर्जन करावे लागते. पाझरणाऱ्या रसांनी भोवतालची कातडी सोलवटून निघते. तिथे कराया लावला तर तो ओल शोषतो आणि कातडीला चिकटून तिचे रक्षण करतो. घराबाहेर पडायला लाजणारी माणसे त्यामुळे पुन्हा चारचौघांत वावरू लागली.

पण जंगलचा माल एकसारखा नसतो. कधी साल येते, कधी माती. कारखान्याला दर खेपेला तोच गुण हवा असतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत सेल्युलोजवर कॉस्टिक सोडा आणि क्लोरोॲसेटिक आम्ल यांची क्रिया करून कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी, तयार झाले. पाण्याला दाद न देणारे सेल्युलोज पाणी पिऊ लागले. पुढे सीएमसी, पेक्टिन आणि जिलेटिन यांच्या मिश्रणाने वैद्यकात करायाची जागा बरीचशी बळकावली.

त्यापुढची पायरी हायड्रोजेलची. सुट्या माळा एकमेकींना आडव्या दुव्यांनी बांधल्या की कोळ्याच्या जाळ्यासारखी वीण होते. तिच्यात पाणी भरपूर साठते, पण वीण सुटत नाही. जपानमध्ये ताकासाकीच्या संशोधकांना आढळले, की सीएमसीच्या पातळ द्रावणावर किरणांचा मारा केला तर माळा तुटतात, मात्र घट्ट लगद्यावर केला तर त्या जुळतात. पोलंडमध्ये यानुश रोसियाक यांनी 1986च्या सुमारास कृत्रिम बहुवारिक आणि समुद्रशेवाळातले अगार एकत्र करून जखमेवरची पट्टी बनवली. पट्टी पाकिटात बंद करून तिच्यावर किरण सोडायचे. वीणही होते आणि जंतूही मरतात, एकाच दमात.

आपल्या ट्रॉम्बेला वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा आयसोमेड प्रकल्प 1974पासूनचा. तिथल्याच भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये नैसर्गिक बहुशर्करा मिसळून अशी पारदर्शक पट्टी विकसित केली. भाजलेल्या अंगावर ती थंडावा देते, जखम ओली ठेवते आणि काढताना कातडी ओढून नेत नाही. भाजल्यावर जुनी गॉज बदलून घेताना होणारा जीवघेणा त्रास ज्याने सोसला आहे, त्याला याचे मोल सांगायला नको.

राहता राहिले आपले कांडोळ. कुऱ्हाडीने खोल घाव घातले की डिंक झटपट मिळतो, पण झाड वाळून जाते. आंध्र प्रदेशात आदिवासींना उथळ चीर पाडण्याचे आणि स्वच्छ डिंक गोळा करण्याचे शिक्षण दिले गेले. तिथे झाडही जगले आणि मालाला भावही चढा मिळाला. 2013मध्ये केंद्र सरकारने गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, तेव्हा पहिल्याच यादीत करायाचे नाव होते. आणि 2020मध्ये शहापूरच्या आदिवासी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत गुळवेल थेट औषध कंपन्यांना विकून दाखवली.

ज्या कातकऱ्यांचे नावच खैराचा कात काढण्यावरून पडले, त्यांना झाडातून काय काढावे हे शिकवण्याची गरज नाही. किती काढावे आणि कितीला विकावे, यात मात्र त्यांना सोबत हवी. प्रयोगशाळेत माळा कितीही बदला, पहिला मणी जंगलातूनच येतो. ते जंगल उभे राहायला हवे, आणि त्यात राबणारा माणूसही.