मौनाचा अर्थ

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, वणवा विझवून तिघे मजूर आलापल्लीच्या सागवानी रानांतून परतत आहेत. तिघांच्याही कपाळीं काजळी लागली आहे. प्रत्येकास इतरांचीं कपाळें दिसतात, स्वतःचें दिसत नाहीं. बोलण्यास व खुणावण्यास मनाई आहे. नाकेदार मोठ्यानें म्हणतो, "तुमच्यापैकीं निदान एकाच्या कपाळीं काजळी आहे. आपल्या कपाळीं आहे अशी ज्याची खात्री पटेल, त्यानें हात वर करावा." पहिल्यानें विचारतां कोणी हलत नाहीं, दुसऱ्यानें विचारतांही नाहीं, तिसऱ्या वेळीं मात्र तिन्ही हात एकदम वर होतात!

काजळी एकट्यालाच असती, तर बाकीचीं दोन्ही कपाळें स्वच्छ पाहून त्यानें पहिल्याच वेळीं हात वर केला असता. दोघांनाच असती, तर पहिल्या वेळचें मौन पाहून त्या दोघांनीं दुसऱ्या वेळीं ओळखलें असतें. दोन्ही वेळां मौन. अर्थात् काजळी तिघांनाही आहे.

परंतु निदान एकाला काजळी आहे, हें तर प्रत्येकजण डोळ्यांनीं पाहातच होता. मग नाकेदारानें नवें तें काय सांगितलें? तें सर्वांनीं ऐकलें, आणि सर्वांनीं ऐकलें हेंही सर्वांस कळलें, एवढेंच नवें. त्यावांचून मौनावरून कांहींच निष्पन्न होत नाहीं. केंब्रिजचे गणिती लिटलवुड यांनीं १९५३ सालीं आगगाडीच्या डब्यांतील तीन स्त्रियांचें असेंच कोडें छापलें. १९६९ सालीं तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनीं या 'सर्वविदित' ज्ञानाचें शास्त्रीय विवेचन केलें.

मौनावरून अनुमान काढण्याची हीच रीत अरण्याच्या कायद्यांतही आढळते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणें रान राखीव करतांना भोवतालच्या गांवोगांवीं स्थानिक भाषेंत जाहीरनामा काढावयाचा आणि हक्क सांगण्यास निदान तीन महिने द्यावयाचे. त्या मुदतींत जो हक्क कोणी सांगितला नाहीं व चौकशींतही उघडकीस आला नाहीं, तो सबळ कारण दाखविल्यावांचून नष्ट होई. जो बोलला नाहीं, त्याला हक्कच नाहीं, असा हा तर्क. पण दूर रानांतील ज्या माडिया कुटुंबाच्या कानीं जाहीरनामा पडलाच नाहीं, किंवा पडूनही उमगला नाहीं, त्याच्या मौनाचा हा अर्थ कसा लागावा? तर्काची पहिली पायरीच तेथें ढासळते. आणि त्या पायरीबरोबर मोहाचें झाड, चराई, जळण हींही जातात.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें 'ऐतिहासिक अन्याय' घडल्याची कबुली दिली आणि हक्कांचा दावा प्रथम ग्रामसभेपुढें आणला. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवांत बहुमताऐवजीं सर्वसहमतीनें निर्णय घेण्याची रीत आहे. त्या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. अशा सभेंत एकाचें बोलणें सर्वांस ऐकूं येतें, आणि तें सर्वांनीं ऐकलें हें प्रत्येकास दिसतें. मग तेथें कोणी मौन धरलें, तर त्यालाही अर्थ असतो.